नकाशा मंजूर होण्याआधी गाठा

मी सतरा वर्षांची असताना आम्ही सहा जणांनी एक मोहीम हाती घेतली: आमच्या शहरात नव्या घरांत गॅसची पाइपलाइन नको, स्वयंपाक, गरम पाणी, घर उबदार ठेवणं, सगळं विजेवर हवं. आता इतर ठिकाणची मुलं विचारतात, सुरुवात कुठून करायची? माझं उत्तर एकच असतं. इमारतीचा नकाशा मंजूर होण्याआधी. कागदावर असताना पाइप म्हणजे एक रेघ, ती खोडता येते. तोच भिंतीत गेला की पुढची कित्येक दशकं तिथेच राहतो, आणि मग बदल करायचा तर भिंती फोडा, वायरिंग नव्याने करा.

म्हणून मागणी फक्त नव्या बांधकामापुरती ठेवा. आमच्या पहिल्या पत्रकात 'सगळी घरं' असं होतं. एका आजोबांनी ते वाचून दारातच परत दिलं. "म्हणजे माझी शेगडी काढून नेणार का?" ते खरंच घाबरले होते. दुसऱ्या छपाईत पहिली ओळ केली: 'तुमच्या सध्याच्या घराला हा नियम लागू होणार नाही.' त्यानंतर लोक दुसरी ओळ वाचू लागले.

मग मोजमाप. गॅस जळताना नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतो आणि तो श्वसनमार्गाला त्रास देतो. गॅसवर स्वयंपाक होणाऱ्या घरांतल्या मुलांमध्ये दम्याचं प्रमाण जास्त असल्याचं २०१३ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासून मांडलं गेलं. पण आपल्या गल्लीतला आकडा लोकांच्या जास्त जवळचा असतो. हा वायू मोजणारी बोटाएवढी प्लॅस्टिकची नळी मिळते. खालचं टोपण काढायचं, तोंड खाली ठेवून स्वयंपाकघरात चिकटवायची, दोन ते चार आठवड्यांनी टोपण लावून प्रयोगशाळेत पाठवायची. एक नळी खिडकीबाहेरही लावा, नाहीतर 'हा तर रस्त्यावरचा धूर' असं कोणीतरी म्हणणारच, आणि ते तसं रास्तही आहे. या वायूसाठी जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची वार्षिक सरासरीची मर्यादा घनमीटरला १० मायक्रोग्रॅम आहे. नळी फक्त सरासरी सांगते, शेगडी पेटलेली असतानाचा उच्चांक तिच्यात दिसत नाही, हे स्वतःहून सांगा. विजेच्या शेगडीवरही तळताना धूर होतो, तेव्हा हवा बाहेर टाकणारी चिमणीही मागणीत घाला. आम्ही ते विसरलो होतो. एका डॉक्टर बाईंनी लक्षात आणून दिलं.

भाषणांपेक्षा आम्हाला उपयोग झाला तो उसन्या आणलेल्या इंडक्शन शेगडीचा. वाचनालयाच्या व्हरांड्यात टेबल मांडलं, पातेल्यात पाणी ठेवलं. तळाला चुंबक चिकटेल असंच भांडं घ्या, नाहीतर शेगडी चालूच होत नाही. पाणी उकळल्यावर पातेलं उचलून शेजारच्या काचेवर हात ठेवायला सांगायचो. तिथे ती जवळजवळ गारच असते, कारण तापतं ते भांडं. ज्येष्ठ मंडळी हात ठेवायची, पुन्हा ठेवायची, मग प्रश्न सुरू.

सगळ्यात जास्त आलेला प्रश्न: वीज गेली तर? खोटा दिलासा देऊ नका. काडीने पेटणारी शेगडी वीज नसताना चालते, हे मान्य करा. मात्र पंखा किंवा विजेवर चालणारं नियंत्रण असलेलं गॅसवरचं हीटिंग वीज गेल्यावर बंदच पडतं, हेही सांगा. दुसरा प्रश्न: वीज कोळशाची असेल तर? हीट पंप, म्हणजे विजेवर घर उबदार ठेवणारं यंत्र, एका युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता आत आणतो, कारण तो ती बाहेरच्या हवेतून ओढून घेतो. शिवाय वीजनिर्मिती स्वच्छ होत गेली की घरही आपोआप स्वच्छ होतं. गॅसच्या पाइपात ती सोय नाही.

नियमाच्या मसुद्याला वेळ द्या, इथेच मोहिमा अडकतात. अमेरिकेतल्या बर्कलीने २०१९ मध्ये नव्या इमारतींत गॅसच्या पाइपांना मनाई केली. २०२३ मध्ये अपील न्यायालयाने ती केंद्रीय ऊर्जा कायद्याच्या आड येते असं ठरवलं आणि पुढे शहराला नियम मागे घ्यावा लागला. न्यूयॉर्क शहराने २०२१ च्या कायद्यात वेगळी वाट धरली: नव्या इमारतीत जळणाऱ्या इंधनाच्या उत्सर्जनावरच मर्यादा घातली. नेदरलँड्समध्ये तर देशाच्याच कायद्याने जुलै २०१८ पासून नव्या घरांना सहसा गॅसजोडणी मिळत नाही. तुमच्याकडे अधिकार शहराचा, राज्याचा की देशाचा, हे एखाद्या वकिलाकडून आधी समजून घ्या. आम्ही हे चार महिने उशिरा केलं आणि पहिला मसुदा वाया गेला.

सुनावणीत मत मांडायला मतदार असावंच लागतं असं नाही, नियम विचारून घ्या. आम्हाला माणशी तीन मिनिटं होती. सहा जणांनी सहा मुद्दे वाटून घेतले. आमच्यातल्या सर्वांत धाकट्याने फक्त आपल्या इनहेलरबद्दल सांगितलं, आणि तोवर मोबाइलमध्ये असलेले दोन नगरसेवक वर पाहू लागले.

ठराव झाल्यावर घरी जाऊ नका. अपवादांची यादी मागून घ्या, नियम कोणत्या तारखेनंतरच्या अर्जांना लागू ते विचारा. आमच्याकडे त्या तारखेच्या आदल्या आठवड्यात अर्जांचा ढीग पडला. आता आमच्यातली एकजण दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी बांधकाम विभागात जाते आणि मंजूर नकाशांची यादी वहीत उतरवून आणते.