व्हेल शार्कच्या मोहिमेला निघताय? या चुका टाळा

मालदीवच्या दक्षिण आरी अटॉलमध्ये (प्रवाळबेटांच्या कड्यामध्ये) व्हेल शार्क बाराही महिने दिसतो. पण नागरिक विज्ञानाच्या, म्हणजे सामान्य लोकांनी शास्त्रज्ञांसाठी नोंदी गोळा करण्याच्या, मोहिमेत तो नुसता दिसून भागत नाही. दिसला तो नेमका कोणता, हे फोटोवरून ठरवता आलं पाहिजे.

म्हणूनच सगळ्यात महागात पडते ती फोटोतली चूक. समोरून आ वासलेल्या तोंडाचा फोटो झकास येतो, पण ओळख पटवायला त्याचा काही उपयोग नाही. प्रत्येक व्हेल शार्कच्या ठिपक्यांची नक्षी वेगळी असते आणि एकाच माशाची डावी-उजवी बाजूही सारखी नसते. जुळणी मुख्यतः डाव्या बाजूवरून होते, त्यामुळे आधी ती टिपा. कल्ल्याच्या पाचव्या फटीपासून छातीच्या पराच्या मागच्या टोकापर्यंतचा भाग पूर्ण यायला हवा, तोही काटकोनातून. तिरका फोटो घेतला तर ठिपक्यांमधली अंतरं बदलतात आणि जुळणी फसते. फ्लॅश बंदच ठेवा. पाण्यातले कण त्याने चमकतात आणि खोटे ठिपके उमटतात. अंगापासून किमान ३ आणि शेपटीपासून ४ मीटर लांब राहा; हात लावणं तर सोडाच.

कॅमेऱ्याचं घड्याळही तपासा. मालदीव आपल्यापेक्षा अर्धा तास मागे आहे आणि काही रिसॉर्टवर तर बेटाची स्वतःची वेगळीच वेळ चालते. बोटीवर चढल्यावर जीपीएसच्या पडद्याचा एक फोटो घ्या, म्हणजे वेळेचा फरक नंतर काढता येतो. फोटो व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने पाठवू नका, त्यात वेळ-ठिकाणाची माहिती गळून पडते. मूळ फाइलच द्या.

आता मिशांचं. भरदार कोल्हापुरी मिशी पाण्यात घालायच्या काचेच्या मास्कखाली आली की नाकापाशी पाणी शिरतंच. नाकाखालची दोन-तीन मिलिमीटरची पट्टी कापा, नाहीतर तिथे सिलिकॉन ग्रीस लावा. नव्या मास्कवर वाफ धरते ती काचेवरच्या कारखान्यातल्या थरामुळे. काचेची आतली बाजू पांढऱ्या टूथपेस्टने तीन-चारदा घासा.

पंचगंगेत पट्टीचे पोहणारेसुद्धा फिन (पायात घालायचे वल्ह्यासारखे पंखे) लावल्यावर गुडघ्यातून पाय मारतात आणि लगेच दमतात. पाय कमरेतून हलवायचे. कोल्हापुरातल्याच जलतरण तलावात स्नॉर्कल (श्वास घ्यायची नळी) लावून न थांबता ४०० मीटर जमेपर्यंत सराव करा. बोट लागण्याची गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याच्या तासभर आधी घ्या. मळमळायला लागल्यावर तिचा उपयोग नाही.

लांबी लिहिताना हात आखडता घ्या. मास्कमधून वस्तू सुमारे एक-तृतीयांश मोठी दिसते, त्यामुळे शेजारी पोहणाऱ्या माणसाशी तुलना करून आकडा लिहा. नर की मादी हे पोटाखालच्या परांजवळचे क्लास्पर, म्हणजे फक्त नराला असणारे प्रजननाचे अवयव, पाहून ठरतं. ते नीट दिसले नाहीत तर ‘मादी’ लिहू नका, ‘माहीत नाही’ लिहा.

आणि दिवसभर एकही व्हेल शार्क दिसला नाही तरी तक्ता कोरा सोडू नका. शोध किती वाजता सुरू केला, कधी थांबवला, कुठला पट्टा पाहिला, हे लिहून खाली शून्य टाका. शोधाचे तास माहीत नसतील, तर दुसऱ्या दिवशी दिसलेले तीन मासे जास्त की कमी हे कुणालाच सांगता येणार नाही.