कोल्हापूरच्या घरात फिलोडेंड्रॉन ग्लोरिओसम कसं वाढवावं

हृदयाच्या आकाराचं मखमली पान आणि त्यावर उठून दिसणाऱ्या पांढऱ्या शिरा. कोलंबियाच्या जंगलातलं हे झाड एदुआर आंद्रे या फ्रेंच उद्यानतज्ज्ञानं 1876 साली शास्त्रीय नावानिशी नोंदवलं. फिलोडेंड्रॉन म्हटलं की लोक वेल वर चढावा म्हणून कुंडीत मॉस स्टिक, म्हणजे शेवाळ गुंडाळलेली काठी, रोवतात. ग्लोरिओसम मात्र चढत नाही, जमिनीवर सरपटत पुढं जातं. एवढं ध्यानात ठेवलं तर पुढचं काम सोपं आहे.

आधी कुंडी. हातभर लांब, वीतभर खोल, तळाला भरपूर भोकं असलेली. रोपाचं मागचं टोक एका कडेला ठेवा, शेंडा मोकळ्या बाजूला. मुळं मिश्रणात आणि खोड वर उघडं. खोड पुरलं की ते कुजतं.

मिश्रणात दोन भाग नारळाच्या सोडणाचे तुकडे, एक भाग कोकोपीट, एक भाग परलाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खडे), मूठभर लाकडी कोळशाचा चुरा आणि थोडं गांडूळखत. आपली काळी माती अजिबात नको. ओलं मिश्रण मुठीत दाबून सोडलं की लगेच सुटं व्हायला हवं.

पूर्वेची खिडकी उत्तम. पश्चिमेची असेल तर पातळ पडदा लावा, दुपारचं ऊन पानं करपवतं.

पाणी वार ठरवून घालू नका. बोट दोन पेरं खुपसा, कोरडं लागलं तरच घाला. माझ्या मते इथं उन्हाळ्यापेक्षा पावसाळा जास्त घातक. जुलैत खिडक्या बंद, हवा कोंदट, कुंडी दिवसेंदिवस ओली, आणि मुळं सडतात. तेव्हा खोलीतला पंखा मंद चालू ठेवा. मार्च ते मे हवा कोरडी असते. कुंडीखाली खडे-पाण्याचा ट्रे ठेवा, पण कुंडीचा तळ पाण्याला टेकू देऊ नका. पानांवर पाण्याचा फवारा नको, मखमलीवर डाग पडतात. लाल कोळी ही बारीक कीड पानामागं बसते. कडुनिंबाच्या तेलाची पातळ फवारणी आधी एकाच पानावर करून बघा.

नवं पान गुंडाळीतून उलगडायला कित्येक आठवडे घेतं, कडेला कधी गुलाबी झाक असते. बोटांनी उलगडायला जाऊ नका, फाटतं. खत वाढीच्या दिवसांत, पाव मात्रेनं, थंडीत बंद.

शेंडा कुंडीच्या दुसऱ्या टोकाला पोचला की जूनमध्ये खोड कापा. उसाची टिपरी करतो तसे प्रत्येक तुकड्याला दोन-तीन डोळे ठेवा, फक्त पुरू नका. काप दिवसभर सुकू द्या, मग डोळे वर करून पारदर्शक डब्यात ओल्या मॉसवर आडवे ठेवा. डब्याचं झाकण लावा, रोज थोडा वेळ उघडा. कापताना हातमोजे घाला, चिकानं खाज सुटते. पान चघळलं तर तोंडाची आग होते, म्हणून लहान मुलं आणि मांजर यांच्यापासून कुंडी लांब ठेवा.