अंगणातील झाडाची फांदी स्वतः तोडण्यापूर्वी

मृगाच्या तोंडावर वारे सुटले की सोलापुरात अंगणातील कडुनिंबाच्या आणि गुलमोहराच्या फांद्या पत्र्यावर घासू लागतात आणि घरातील कोणीतरी कोयता घेऊन शिडी लावतो. माझ्या मते जमिनीवर उभे राहून हात पोहोचेल तेवढीच फांदी स्वतः तोडावी.

सर्वांत आधी वर पाहावे. फांदीजवळून वीजतार जात असेल तर काम तेथेच थांबवून महावितरणला कळवावे, कारण ओल्या फांदीतून आणि लोखंडी शिडीतून वीज वाहते, आणि ११ केव्हीच्या (११ हजार व्होल्टच्या) उघड्या तारेला स्पर्श झाला नाही तरी फार जवळ गेल्यानेही जीवघेणा धक्का बसू शकतो. शेवग्यावर तर चढूच नये. त्याची धडधाकट दिसणारी फांदीही पाय ठेवताच कडकन मोडते.

जाड फांदी नुसती वरून कापत गेल्यास ती अर्ध्यावर स्वतःच्या भाराने फाटते, खोडाची साल ओरबाडत खाली येते आणि कापणाऱ्याच्याच अंगावर झुलते. म्हणून खोडापासून हातभर अंतरावर आधी खालून एक-तृतीयांश जाडीपर्यंत करवत चालवावी, नंतर त्या खाचेच्या थोडे पुढे, टोकाच्या बाजूला, वरून कापावे, आणि राहिलेला खुंट शेवटी खोडालगतच्या फुगीर कड्याला धक्का न लावता काढावा. डोळ्यांवर चष्मा हवाच, भुसा थेट डोळ्यांत जातो.

महाराष्ट्रात नागरी भागातील झाडांसाठी १९७५ चा संरक्षण कायदा लागू आहे, त्यामुळे करवत उचलण्यापूर्वी महापालिकेच्या उद्यान विभागात परवानगीची चौकशी करावी.