लिनक्सवर ऑर्काचा आवाज फाटतोय? आधी हे करून बघा

सांगलीत विश्रामबागला राहणारा माझा मावसभाऊ डोळ्यांनी पाहू शकत नाही. लिनक्स लॅपटॉपवर ऑर्का हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम, जे वाचून दाखवतो, त्यावरच त्याचं सगळं काम चालतं. परवा 'फाइल उघडली' ऐवजी नुसतं 'फा... उ... डली' ऐकू यायला लागलं आणि तो अक्षरशः अडकून पडला.

लगेच सगळं पुन्हा इन्स्टॉल करू नका. टर्मिनलमध्ये ई-स्पीक एनजीला (espeak-ng, मजकुराचा आवाज तयार करणारा प्रोग्राम) एक वाक्य द्या आणि डब्ल्यू (-w) पर्याय वापरून ते वेव्ह फाइलमध्ये साठवा. मग ती फाइल वाजवा. ती स्वच्छ वाजली, तर आवाज तयार करणारा भाग ठीक आहे, बिघाड पुढे स्पीकरपर्यंतच्या वाटेत आहे.

बहुतेक वेळा बफर, म्हणजे वाजवण्याआधी आवाज साठवायची जागा, फार लहान असतो. आवाज हाताळणारी सेवा पाइपवायर असेल तर तिच्या कॉन्फिगरेशनमध्ये किमान क्वांटम (min-quantum, एका वेळी हाताळायचे आवाजाचे नमुने) १०२४ करा. ४८,००० हर्ट्झला हा सुमारे २१ मिलिसेकंदांचा उशीर, कानाला जाणवतही नाही. त्याऐवजी जुनी पल्सऑडिओ सेवा असेल, तर तिच्या कॉन्फिगरेशनमधल्या यूडेव्ह-डिटेक्टच्या (module-udev-detect) ओळीत टीशेड शून्य (tsched=0) करून बघा.

फक्त वाक्याचं पहिलं अक्षर गिळलं जात असेल, तर साउंड कार्डाची वीजबचत बंद करा.

एक मात्र नक्की सांभाळा: ऑडिओ सेवा रीस्टार्ट केली की ऑर्का गप्प होऊ शकतं. ऑर्का वापरणाऱ्याला आधी सांगा. ते गप्प झालंच, तर ग्नोम डेस्कटॉपवर ऑल्ट, सुपर (विंडोज) आणि एस एकत्र दाबून ऑर्का बंद करा, पुन्हा तेच दाबून सुरू करा.