कमी खर्चात योग्य इंजिन ऑइल कसे निवडावे

ठाणे स्टेशनच्या परिसरात किंवा वाशीत सुट्या भागांच्या दुकानात उभे राहिले, की फळीवर ऑइलचे पंधरा-वीस तऱ्हेचे डबे दिसतात आणि एकाच मापाच्या दोन डब्यांच्या किमतीत दुपटीचा फरक असतो. बहुतेक ग्राहक ‘चांगले ऑइल द्या’ एवढेच सांगतात आणि दुकानदार त्याच्या हाताशी असलेला डबा पुढे करतो. खरे तर दुकानात जाण्यापूर्वीच निवड झालेली असली पाहिजे आणि ती गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेतून झाली पाहिजे. इंजिन ऑइलसंबंधीच्या पानावर ऑइलची श्रेणी, म्हणजे ते किती पातळ वा जाड हवे, आणि ऑइलचा दर्जा, म्हणजे त्याने कोणत्या मानकाची परीक्षा दिलेली असावी, अशा दोन गोष्टी लिहिलेल्या असतात. पुस्तिका हरवली असल्यास बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर ती विनामूल्य उपलब्ध असते. या दोन अटी पूर्ण करणारे सर्वांत स्वस्त अस्सल ऑइल घ्यावे आणि ते वेळेवर बदलावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

श्रेणीबाबत आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. ५डब्ल्यू-३० या श्रेणीतील पहिला आकडा थंड इंजिन सुरू होताना ऑइल किती सहज वाहते ते सांगतो, तर दुसरा आकडा १०० अंश सेल्सिअस तापमानाला त्याचा जाडपणा किती उरतो ते सांगतो. ‘आपल्याकडे उकाडा फार, म्हणून जाड ऑइल घाला’ हा सल्ला गॅरेजमध्ये सर्रास मिळतो. परंतु बाहेर ३५ अंश असोत वा २०, गरम झालेल्या इंजिनाचे तापमान थर्मोस्टॅट आणि पंखा मिळून साधारण एकाच पातळीवर राखतात. आजच्या लहान पेट्रोल इंजिनांमध्ये बेअरिंगमधील फटी अरुंद असतात आणि व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा ऑइलच्या दाबावरच चालते, त्यामुळे ०डब्ल्यू-२० सांगितलेल्या इंजिनात २०डब्ल्यू-५० घातले तर सकाळी गाडी सुरू करताना वरच्या भागापर्यंत ऑइल पोहोचण्यास उशीर होतो, आणि नेमक्या त्याच क्षणांत झीज अधिक होते. वागळे इस्टेटमधील एका गॅरेजमध्ये माझ्या गाडीत असेच जाड ऑइल भरले गेले होते. त्यानंतर रोज सकाळी काही सेकंद इंजिनातील साखळीचा खडखडाट ऐकू येऊ लागला आणि योग्य श्रेणीचे ऑइल भरल्यावर तो थांबला. गाडी जुनी असेल, ऑइल खात असेल, तर पुस्तिकेत परवानगी असलेल्या श्रेणींपैकी जाड श्रेणी निवडण्यास हरकत नाही. मात्र त्या यादीच्या बाहेर जाऊ नये.

दर्जासाठी डब्याच्या मागील बाजूचा बारीक मजकूर वाचावा. पेट्रोल इंजिनांसाठी अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची, म्हणजे एपीआयची, एस अक्षराने सुरू होणारी मानके असतात. एसएन २०१० साली आले आणि एसपी २०२० साली. नवे मानक जुन्याची जागा घेते, म्हणून एसएल किंवा एसएम सांगितलेल्या जुन्या मोटारीत योग्य श्रेणीचे एसपी ऑइल चालते; उलट मात्र चालत नाही. विशेषतः टर्बो आणि थेट इंधन फवारणाऱ्या इंजिनांत कमी वेगावर इंधन अवेळी पेटून पिस्टनला इजा होऊ शकते. ती टाळण्याची चाचणी एसपीमध्ये समाविष्ट आहे, तेव्हा अशा गाडीच्या मालकाने येथे पैसे वाचवू नयेत. डिझेल गाड्यांसाठी सीएच-४, सीआय-४, सीके-४ अशी वेगळी मानके असतात. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ या प्रदूषण नियमांनंतरच्या ज्या डिझेल मोटारींत काजळी अडवणारा फिल्टर आहे, त्यांना कमी राख सोडणारे ऑइलच लागते. स्वस्त मिळते म्हणून जुन्या दर्जाचे ऑइल घातल्यास राख त्या फिल्टरमध्ये साचत जाते, आणि तो फिल्टर बदलण्याचा खर्च ऑइलवर झालेल्या सगळ्या बचतीपेक्षा कितीतरी अधिक असतो.

दुचाकीस्वारांनी मोटारीचे उरलेले ऑइल कधीही वापरू नये. बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलमध्ये बुडालेले असतात, तर मोटारीच्या पातळ ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्ये असल्याने क्लच घसरू लागतो. मोटारसायकलसाठी डब्यावर जासो (जपानी मानक) एमए किंवा एमए-२ आणि पट्ट्यावर चालणाऱ्या बिनगिअरच्या स्कूटरसाठी सहसा जासो एमबी लिहिलेले असते. स्कूटरमध्ये एमए घातल्याने इंजिन बिघडत नाही, इंधन किंचित जास्त लागू शकते. मोटारसायकलमध्ये एमबी घालणे मात्र टाळावे.

आता बचतीकडे वळू. ‘फुल्ली सिंथेटिक’ या शब्दांचे मोठे मोल दिले जाते. परंतु त्या नावाने विकल्या जाणाऱ्या पुष्कळ ऑइलचा पाया अतिशय शुद्ध केलेले खनिज तेल हाच असतो. ते वाईट मुळीच नाही, उष्णतेत ते अधिक टिकते आणि ०डब्ल्यू-२० सारखी पातळ श्रेणी साध्या खनिज तेलातून नीट साधतही नाही. पण ज्या गाडीला पुस्तिकेने साधे किंवा सेमी-सिंथेटिक ऑइल पुरेसे म्हटले आहे, तिला महागडे ऑइल पाजून ते वेळेपलीकडे चालवण्यात मला शहाणपण दिसत नाही. सर्वो, मॅक आणि एचपी या सरकारी तेल कंपन्यांच्या नाममुद्रांमध्ये जवळपास सर्व दर्जांची ऑइल मिळतात आणि ती अनेकदा बहुराष्ट्रीय नाममुद्रांपेक्षा स्वस्त असतात. गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या नावाने विकले जाणारे ऑइलही त्यांच्या सुट्या भागांच्या काउंटरवर विचारून पाहावे. साडेतीन लिटर लागत असतील तर एकेक लिटरचे चार डबे घेण्यापेक्षा मोठा डबा बहुधा स्वस्त पडतो. समजा, एका ऑइलचे १,२०० रुपये होतात, दुसऱ्याचे २,४००, आणि फिल्टर व मजुरी मिळून दर वेळी ५०० रुपये लागतात. महाग ऑइल वर्षातून एकदा बदलले तर २,९०० रुपये खर्च होतात आणि स्वस्त ऑइल दोनदा बदलले तर ३,४००. वर्षाकाठी ५०० रुपये अधिक मोजून इंजिनाला दोनदा ताजे ऑइल आणि दोनदा नवा फिल्टर मिळतो, आणि ठाण्याच्या रहदारीत हा सौदा मला अधिक योग्य वाटतो.

त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. अनेक मोटारींना १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, अशी मुदत दिलेली असते. ताशी सरासरी ५० किलोमीटरने धावणारी गाडी १०,००० किलोमीटर २०० तासांत पूर्ण करते. घोडबंदर रस्त्याने कासारवडवली ते माजिवडा रोज रखडत जाणारी, किंवा संध्याकाळी ठाणे-बेलापूर रस्त्यावर अडकणारी गाडी सरासरी १५ च्या वेगाने तेवढेच अंतर कापायला सुमारे ६६७ तास घेते. किलोमीटरचा आकडा तोच दिसतो, परंतु ऑइलने तिपटीहून अधिक काळ काम केलेले असते. म्हणूनच बहुतेक पुस्तिकांमध्ये वारंवार थांबणे, धूळ, आखूड फेऱ्या अशा ‘कठीण परिस्थिती’साठी कमी मुदतीचा वेगळा तक्ता असतो, आणि घोडबंदर रस्त्यावर रोज गाडी चालवणाऱ्याने तोच आपला मानावा. नेरूळच्या घरापासून स्टेशनपर्यंत दोन किलोमीटर जाऊन बंद होणारी स्कूटर तर याहून वाईट स्थितीत असते. इंजिन पुरते तापतच नाही, त्यामुळे इंधनाचा आणि बाष्पाचा अंश ऑइलमध्येच राहतो.

सीएनजीवर चालणाऱ्या रिक्षा आणि टॅक्सींच्या चालकांची फसगत वेगळ्या प्रकारे होते. सीएनजीमुळे काजळी कमी होते, म्हणून ऑइल बराच काळ स्वच्छ दिसते आणि ‘अजून चालेल’ असे वाटते. प्रत्यक्षात उष्णतेने त्यात मिसळलेली गुणवर्धक द्रव्ये संपत आलेली असू शकतात. याउलट डिझेल गाडीत ऑइल थोड्याच दिवसांत काळे होते, कारण ते काजळी धरून ठेवण्याचे आपले काम करत असते. बोटावर घेतलेल्या थेंबाचा रंग पाहून निर्णय करू नये. तारीख आणि किलोमीटर वहीत लिहून ठेवावेत.

बनावट ऑइल हा स्वस्ताईतील खरा धोका आहे. छापील किमतीपेक्षा फारच कमी दर सांगणारा विक्रेता, सैल झाकण, पुन्हा चिकटवल्यासारखे सील, धूसर छपाई यांपैकी काहीही दिसले तर तो डबा घेऊ नये. पेट्रोल पंप किंवा अधिकृत विक्रेता यांच्याकडून पक्के बिल घेऊन खरेदी करावी; हमीच्या काळात इंजिनाची तक्रार उद्भवल्यास ते बिल उपयोगी पडते. ऑइल आपण स्वतः नेऊन मेकॅनिकसमोर उघडावे आणि रिकामा डबा कापून टाकावा, म्हणजे तो पुन्हा भरला जाणार नाही. त्याच वेळी फिल्टर आणि खालच्या नटाचा वॉशर बदलला गेला की नाही, हेही पाहावे.

निवड कितीही चांगली असली तरी पातळी पाहिलीच पाहिजे. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, पुसून पुन्हा घालावी आणि ऑइल दोन खुणांच्या मध्ये आहे याची महिन्यातून एकदा तरी खात्री करावी. वरच्या खुणेपलीकडे भरणेही घातक असते, कारण फिरणारा क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, ऑइल घुसळून त्याचा फेस करतो. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात गाडी बुडाली असेल तर ती अजिबात सुरू करू नये. डिपस्टिकवर दुधाळ चहासारखे मिश्रण दिसले तर ऑइलमध्ये पाणी गेले आहे, आणि अशी गाडी टोइंग करूनच गॅरेजमध्ये न्यावी. घरी ऑइल बदलणाऱ्यांनी काढलेले जुने ऑइल गटारात किंवा खाडीच्या बाजूला ओतू नये, तर झाकणाच्या डब्यात भरून, वापरलेले ऑइल अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे पाठवणाऱ्या सर्व्हिस सेंटरला द्यावे.