तिळवण: ठेवायची किती, उपटायची कधी

मृगाचे दोन-चार पाऊस झाले की आमच्या कोथरूडच्या गच्चीत न लावता उगवते ती पिवळी तिळवण. कुंडीत, टाकीमागच्या साचलेल्या मातीत, पाइपाच्या कडेच्या फटीतसुद्धा. वेताळ टेकडीवर पायवाटेच्या कडेलाही हीच दिसेल.

ओळखायची सकाळी. फूल पिवळं, पाकळ्या चार, पण चारी वरच्या बाजूला पंख्यासारख्या सरकलेल्या. पान तीन किंवा पाच पर्णिकांचं. तरी शंका असेल तर खोड चिमटीत धरा. बोटं चिकटली आणि उग्र वास आला, की तीच. खोडाच्या केसांच्या टोकाला चिकाचे बारीक थेंब असतात. परवा भिंगातून पाहिलं, तर वीतभर खोडावर सात चिलटं अडकलेली. पांढरी तिळवण वेगळी. तिच्या फुलात पुंकेसर लांब दांडीवर उंच उचललेले असतात.

आता माझी चूक सांगते. झाड इतकं चिकट, म्हणजे बीसुद्धा पुनर्नवेसारखं चपलेला, मांजराला चिकटून पसरत असणार, असं मी धरून चालले होते. म्हणून येता-जाता चपला झटकत बसले आणि कुंडीतली पाच झाडं मात्र कौतुकाने तशीच ठेवली. पुढच्या जूनमध्ये जास्वंदीच्या कुंडीत जास्वंद शोधावी लागली! चिकटपणा खोडा-पानांचा आणि शेंगेच्या सालीचा. आतलं बी कोरडं, तपकिरी-काळं, सुरकुतलेलं, खसखशीपेक्षा जरा मोठं. शेंग वाळून उकलली की ते वाऱ्याच्या हिसक्याने खाली सांडतं, पावसाच्या पाण्याबरोबर वाहत जातं आणि मातीत पडून राहतं. कुंडीची माती एकीची दुसरीत घालायची सवय असेल तर पसरवणाऱ्या आपणच.

म्हणून उपटायचं ते शेंगा हिरव्या असताना. पावसानंतर माती ओली असते, सोटमूळ एका हिसक्यात येतं. त्या वेळी खुरपं खोल घालून माती उकरू नका, खाली दबलेलं बी वर येतं. शेंगा धरलेली झाडं कंपोस्टमध्ये टाकायची नाहीत. हाताचा चिकटा नुसत्या पाण्याने जात नाही. आधी खोबरेल चोळा, मग बेसन. कातडी नाजूक असेल तर हातमोजे घाला.

सगळी मात्र उपटू नका. आमच्या शेजारच्या गढवाली वहिनी हे बी पाहून हरखल्याच. त्यांच्याकडे याला जखिया म्हणतात आणि आपल्या मोहरीसारखं फोडणीत घालतात. तेल चांगलं तापलं की चिमूटभर टाकायचं, तडतडलं की लगेच बटाटे. दाताखाली कुरकुरीत लागतं.

बी हवं असेल तर शेंग पिवळट होऊ लागली की देठासकट कापा आणि कागदी पिशवीत उलटी टांगा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बुरशी येते. ताजं बी लगेच पेरलंत तर बहुतेक रुसून बसतं. पुढच्या जूनपर्यंत कोरडं ठेवा, मग भरपूर उन्हाच्या जागी मातीवर भुरभुरा आणि वर जेमतेम माती टाका.

हिला कानफोडीही म्हणतात, रस कानात घालायची जुनी पद्धत आहे म्हणून. तुम्ही घालू नका, कान दुखला तर डॉक्टरकडे जा.

यंदा मी दोनच ठेवल्यात, टाकीपाशी. दोन्हींच्या शेंगांवर आतापासून कागदी पिशव्या बांधून ठेवल्यात.