कॉम्प्युटरमधली पाल

रात्री घर सामसूम झालं की कॉम्प्युटरमधून टक्… टक्… टक् असा आवाज यायचा. आई म्हणाली, पाल चुकचुकतेय. मला मात्र धडकी भरली होती. हार्ड डिस्कच्या हेडला डेटा वाचता आला नाही की ते मागे जाऊन पुन्हा प्रयत्न करतं, आणि तसाच ठेक्यात आवाज येतो.

म्हणून आधी काही उघडलं नाही. मुलीच्या बारशापासूनचे सगळे फोटो दुसऱ्या डिस्कवर उतरवले. मरायला टेकलेली डिस्क तपासत बसण्यात वेळ घालवू नये, हे माझं ठाम मत. मग क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत आकड्यांत दाखवणारं सॉफ्टवेअर चालवलं, तर तब्येत ठणठणीत! पण त्या आकड्यांवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही.

शेवटी प्लग काढून कॅबिनेटची बाजू उघडली, हार्ड डिस्कच्या दोन्ही केबल्स सोडवल्या आणि पुन्हा चालू केलं. विंडोज एसएसडीवर, म्हणजे चिपवर डेटा साठवणाऱ्या वेगळ्या डिस्कवर, असल्यामुळे मशीन सुरू झालं, आणि टकटकही! म्हणजे डिस्क निर्दोष. एसएसडीत तर हलणारा भागच नसतो. उरले पंखे. पेन्सिलच्या मागच्या रबराने मागच्या पंख्याचा मधला गोल भाग अलगद दाबून क्षणभर थांबवला (बोट घालू नका), आणि आवाज बंद.

पाहतो तर पुढच्या यूएसबीची बारीक वायर पात्यांना घासत होती. दिवाळीत धूळ झटकताना मीच ती हलवली असणार. प्लग काढून दोन केबल टाय लावले, डिस्क परत जोडली. आता रात्री चुकचुकते ती खरी पाल, ट्यूबलाइटच्या मागची.